ओळख पटली नाही

"आई कुठाय गं तुझी?"

"मेली."

"कधी?"

"दसऱ्याच्या आदी. लोकांनी खांद्यावर न्हेली."

पाच वर्षांची दुर्वा खरात माझ्या टेबलाशी उभी होती. हे सांगताना ती रडत नव्हती की घाबरत नव्हती. माझा काचेचा पेपरवेट उलटा करून त्यातलं लाल फूल आत कुठून शिरलं असेल ते शोधत होती. मी फॉर्मवर लिहिलं, आई : मृत.

"आणि बाबा?"

"बाबा बी मेलं. लई आदी. मी बगितलंच न्हाई त्येंला."

वडील : मृत.

"मग घरात कोण कोण असायचं?"

"आई, वैनी आन मी. आदी दादा हुता. दादाला टरकानं उडवलं."

"दादा म्हणजे वैनीचा नवरा ना?"

"हां मंग," ती म्हणाली. एवढंही कळत नाही का बाईला, असा तिचा चेहरा.

"वैनी कुठाय आता?"

"कामाला गेली. लांब. तिथं समुद्र हाय."

"तुला टाकून गेली?"

हा प्रश्न फॉर्मवर नव्हता, मी आपला विचारला. पोरीने पेपरवेट खाली ठेवला. "आई हुती की माज्याजवळ," ती म्हणाली.

मी लिहिलं, थोरला भाऊ : मृत. भावजय : मुलीस सोडून परागंदा. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं. तो फॉर्म आजही कुणी काढून बघितला तर खाडाखोड सापडायची नाही.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. जिल्ह्याच्या ठिकाणी बाल संरक्षण अधिकारी होते आणि जगातली सगळी अक्कल देवाने मलाच दिली आहे, असा माझा समज होता. बालकांचा नवा कायदा नुकताच लागू झाला होता. तो मला पाठ होता. कलम विचारा, आकडा तोंडावर. पोरं वर्षानुवर्षं बालगृहात खितपत पडू नयेत, ज्यांना कुणी नाही त्यांना एखाद्या चांगल्या कुटुंबात वाढू द्यावं, असं त्यात म्हटलं होतं. त्याला नाव प्रतिपालकत्व. हे दत्तक नव्हे. रक्ताचं कुणी हक्काने आलं तर मूल परत द्यायचं. पण तोवर त्याला घर, ताट, शाळा, जवळ घेणारं माणूस मिळावं. वाईट काय आहे यात? अजूनही मला तो कायदा चांगलाच वाटतो. मुलाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय त्याच्याबद्दल काही ठरवू नये, असंही त्यात आहे. हे कलम मी प्रत्येक भाषणात सांगायचे.

आणि मी ऐकलंही हो! पोरगी जे बोलली ते शब्दन्‌शब्द ऐकलं आणि लिहिलं.

नियमाप्रमाणे मुलीच्या गावी जाऊन चौकशी करायची असते. दुर्वाची वस्ती आमच्यापासून सत्तर किलोमीटर, डोंगराच्या पोटात. ऑफिसात जीप एक, ती कायम साहेबांच्या सेवेत, आणि माझ्या टेबलावर नव्वद फायली. मी पोलीसपाटलांना फोन लावला. पोरीला आमच्याकडे त्यांनीच आणून सोडलं होतं.

"पाटील, त्या दुर्वाची आई वारली म्हणते ती. खरं का?"

"वारली की वो मॅडम. दसऱ्याच्या आदी. आई म्हंजे लई मोठं माणूस हुतं बगा. आख्खी वस्ती रडली."

"वडील?"

"न्हाईत."

"दुसरं कोण आहे तिला?"

"वैनी हाय, पर ती कोळंबी सोलायला गेलीया कोकणात. कवा येती आन कवा न्हाई. फोन बी न्हाई तिच्याकडं. पोरीकडं बगायला कोन न्हाई, म्हणूनशान तर तुमच्या पदरात घातली."

"म्हणजे टाकलीच म्हणा की वैनीने."

"टाकली म्हंजे काय, मॅडम, पोटामागं..." आणि फोन तुटला. तिकडे रेंज तशीच. मी पुन्हा लावला नाही. मला पाहिजे ते मिळालं होतं. अहवालात लिहिलं, 'प्रत्यक्ष गृहभेट देऊन पोलीसपाटील यांच्याकडून खात्री केली.' सगळेच तसं लिहायचे, पण सगळ्यांचं मला काय सांगायचंय? मी लिहिलं.

पेपरात पोरीच्या फोटोची जाहिरात दिली. दोन महिने कुणी फिरकलं नाही. तोवर मी दुर्वासाठी घर हेरूनही ठेवलं होतं. कोरगावकर नवरा-बायको. ते पोस्टात, उज्ज्वलाताई घरी शिकवण्या घ्यायच्या. मूलबाळ नाही, माणसं सोन्यासारखी. मी घर तपासायला गेले तेव्हा उज्ज्वलाताईंनी कपाट उघडून दाखवलं. खालचा एक कप्पा रिकामा करून त्यात लहान मुलांचे हँगर लावून ठेवले होते. अजून कोणतं मूल, कधी येणार, काही माहीत नव्हतं. "असू दे म्हटलं तयार," त्या म्हणाल्या आणि लाजल्या. आमच्या जिल्ह्यातलं हे पहिलं प्रतिपालकत्व ठरणार होतं. साहेब दर सोमवारी विचारायचे, "भोईटे, आपली पहिली केस कुठवर आली?"

आणि संक्रांत झाल्यावर तिसऱ्या दिवशी ती बाई आली.

बालगृहाच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. पंचवीस-सव्वीस वर्षांची, काळीसावळी, बांध्याने लहान. मला बघून ताडकन उभी राहिली.

"म्या मालन खरात. दुर्वाची आई. पोरीला न्यायला आले."

आई! माझ्या फाइलीत आई मेलेली.

"कुठं होतात इतके दिवस?"

"कोळंबी सोलायला गेलते. पाच म्हैनं झालं. सणाला वस्तीवरची बाई घरला जाऊन आली तवा मला कळलं. तशीच निगाले."

तिच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. बोटांची टोकं पांढरीफटक पडून चिरली होती. कोळंबी, समुद्र. माझ्या डोक्यात लगेच दिवा पेटला. हीच ती भावजय! पण मग आई का म्हणवते? त्याच महिन्यात वरून पत्रक आलं होतं. पोरांना भीक मागायला लावणाऱ्या टोळ्या खोट्या आया पुढे करतात, सावध राहा. मी सावधच होते.

"आधार कार्ड?"

तिने पिशवीतून काढून दिलं. त्यावर नाव मालन दाजी हुलगे.

"यात खरात कुठाय?"

"म्हायेरचं हाय त्ये. बदलायचं ऱ्हायलं."

"मुलीचा जन्माचा दाखला?"

"वाळवीनं खाल्ला."

"रेशनकार्ड?"

"दिराकडं हाय. म्हमईला."

"वा! खाल्लं ते वाळवीने आणि राहिलं ते दिराकडे," मी म्हटलं. माझी जीभ तेव्हा भारी चालायची. तिने पिशवीचं तोंड घट्ट धरलं.

खरं सांगते, ती वहिनी म्हणून आली असती तर मी तिला बसवून चहा दिला असता. नात्यातलं माणूस असेल तर आधी त्याचा विचार करावा, हेही कायद्यात आहे. पण ही आई म्हणून आली. जी पहिलंच वाक्य खोटं बोलते, तिच्या हातात पोरगी कशी द्यायची? मी तिला बाकावर बसायला सांगितलं आणि आत गेले.

अधीक्षकांच्या खोलीला हिरव्या जाळीची खिडकी आहे. आतून व्हरांडा दिसतो, बाहेरून आतलं दिसत नाही. मी दुर्वाला बोलावून घेतलं. तिला काहीही पढवलं नाही, काहीही सुचवलं नाही. ही माझी पद्धत होती आणि मला तिचा अभिमान होता. अधीक्षकांना साक्षीला उभं केलं. बाहेर पोरांची जेवणाची पंगत उठली होती आणि ताटं घासायच्या हौदावर नुसता कल्ला चालला होता.

"दुर्वा, बाहेर बाकावर कोण बसलंय बघ बरं. ओळखतेस का?"

पोरीने जाळीला नाक लावलं.

"वैनी!" ती ओरडली. "माजी वैनी आली!" आणि धूम दाराकडे पळाली.

मी तिचा दंड धरला. "थांब थांब. आधी मला सांग. ती तुझी आई आहे का?"

तिने माझ्याकडे बघितलं. "आई मेली की. ती वैनी हाय. सोडा की मला."

"नीट बघून सांग. आई नाही ना?"

"न्हाई! वैनी! सोडा!"

मी अधीक्षकांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मागच्या दाराने बालगृहातल्या मावशी पोरीला घेऊन गेल्या. ती हातपाय झाडत होती. लळा असतो हो पोरांना, मी म्हटलं, भावजयीचा झाला तरी लळा तो लळाच. मग तिथेच बसून लिहिलं, 'सदर महिलेस मुलीने आई म्हणून ओळखले नाही. ओळख पटली नाही.' खाली दोघांच्या सह्या.

बाहेर आले तर मालन उभीच होती. मुलाने आपल्याला काय सांगितलं ते दावा करणाऱ्याला सांगायचं नसतं, त्याला गोपनीयता म्हणतात. मी त्या बाबतीतही काटेकोर होते.

"मुलीने तुम्हाला बघितलं," मी म्हटलं. "तिने तुम्हाला आई म्हणून ओळखलं नाही."

"न्हाई?"

"नाही."

"कुटनं बगितलं?"

"बघितलं. दोनदा विचारलं आम्ही."

ती जराशी हसली. चुकून ऐकल्यावर हसतात तशी. मग म्हणाली, "नीट बगितलं का पर? म्या वाळलेय लई."

"नीट बघितलं. आणि हे बघा, तुम्ही तिच्या कोण लागता ते आम्हाला कळलंय. खोटा दावा करणं गुन्हा आहे. मी पोलिसांना बोलावू शकते, बोलावत नाही एवढंच."

मला वाटलं, आता भांडेल, छाती पिटेल, शिव्या घालेल. खोटी माणसं फार आरडतात, असा माझा अनुभव होता. हिने तसलं काहीच केलं नाही. फरशीकडे बघत राहिली.

"पाच म्हैनं," ती शेवटी म्हणाली. "पाच म्हैन्यात इसरली व्हय."

मी फाइल मिटली.

"कुनाला देणार तिला? चांगली हायत का?"

"ते सांगता येत नाही."

ती गेली. फाटकापर्यंत तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. आणि मी अधीक्षकांना काय म्हणाले असेन? "बघा, चोराला कसं बरोबर कळतं कुठं गप्प बसायचं ते." हे माझं वाक्य. आज लिहिताना कान तापतात, पण वाक्य माझंच.

फेब्रुवारीत बालकल्याण समितीपुढे केस लागली. समितीच्या अध्यक्ष इनामदार बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, करड्या. त्यांनी माझा अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "भोईटे, असं काम सगळ्यांनी केलं तर आम्हाला काम उरणार नाही." आदेश झाला. उज्ज्वलाताईंनी दुर्वाला नवे बूट आणले होते. पोरीने ते घातले आणि निमूट त्यांच्याबरोबर गेली. सुरुवातीचे आठ दिवस ती 'वैनी कुठं गेली' म्हणून विचारायची, पुढे विचारायची थांबली होती. साहेबांनी ऑफिसात पेढे वाटले.

दर महिन्याला त्या घरी भेट द्यायची असते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी गेले. प्रत्यक्ष गेले, खरोखर. दुर्वाच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. केसांना रिबिनी. दारात बसून पाटीवर काहीतरी गिरवत होती. उज्ज्वलाताईंनी माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली.

"रुळली की हो चांगली," मी म्हटलं.

"रुळली. जेवते, झोपते, पाढे म्हणते. फक्त एक गंमत सांगू का मॅडम?" त्या हसायला लागल्या. "मला आई म्हणायला काही तयार नाही. परवा मी म्हटलं, अगं, म्हण की मला आई. तर म्हणते कशी, तू कशी गं आई? तुला दात हायत की!"

मीही हसले. पोह्यांचा घास तोंडात होता. तो गिळला आणि हसू तिथल्या तिथे थांबलं.

"काय म्हणाली?"

"तुला दात आहेत म्हणे. आईला दात नसतात."

मी बशी खाली ठेवली.

"दुर्वा, इकडे ये गं. तुझी आई कशी होती दिसायला?"

"म्हातारी," ती पाटीवरून मान वर न करता म्हणाली. "पाक वाकलेली. तपकीर वढायची."

"ती तुझी कोण लागायची?"

"आई."

"तुझी आई का दादाची आई?"

"दादाची आई. समद्यांची आई."

"आणि वैनी? वैनी तुझी कोण?"

आता तिने मान वर केली. तिला माझा कंटाळा आला असावा. "वैनी म्हंजे माजी वैनी. तिच्या प्वाटावर हितनं हितवर रेघ हाय." तिने फ्रॉकवरून बेंबीखाली बोट ओढून दाखवलं. "दागतरनं तिथं फाडलं आन मला भायेर काडलं."

आणि पुन्हा पाटीवर गिरवायला लागली.

अगं आई गं! दादा म्हणजे बाप. वैनी म्हणजे आई. आई म्हणजे आजी आणि बाबा म्हणजे आजोबा. थोरल्या सुनेला सगळे दीर वैनी म्हणतात, ते ऐकून पोरही वैनी म्हणतं. थोरल्या मुलाला धाकटे दादा म्हणतात, पोरही दादा म्हणतं. घरोघरी हे असंच असतं, कुणाला सांगायला लागतं का? मी स्वतः माझ्या वडिलांना 'भाऊ' म्हणायचे! आत्या त्यांना भाऊ म्हणायच्या म्हणून मीही. शाळेत एकदा 'भाऊ वारले' म्हणून चिठ्ठी आली, तर बाईंनी मला जवळ घेऊन विचारलं होतं, "धाकटा होता का गं थोरला?" ती मी, आणि मला हे सुचलं नाही. पोरीने खोटं एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्या बाईने खोटं एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्या सगळ्या प्रकरणात खोटं बोललेलं माणूस एकच, प्रत्यक्ष गृहभेट दिलेलं.

उज्ज्वलाताईंचं हसू केव्हाच गेलं होतं. त्यांना मी काही सांगितलं नाही, सांगावं लागलंच नाही. त्या उठल्या, दुर्वाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मॅडम, हे अजून कुणाला माहीत आहे?"

"नाही."

"मग..." त्या थांबल्या. मी त्यांच्याकडे बघू शकेना. त्यांनी मला जे विचारायचं होतं ते विचारलं नाही. देव त्यांचं भलं करो. "कधी नेणार?" एवढंच विचारलं.

इनामदार बाईंकडे तशीच गेले. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, ऐकता ऐकता खुर्चीत मागे टेकल्या.

"पण तू गृहभेट केली होतीस. कागदावर आहे."

"फोन केला होता, बाई."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी अजून विसरलेले नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी राजीनामा देते," मी म्हटलं.

"तो तुझ्यापाशी ठेव. आधी त्या बाईला शोध. राजीनामा देऊन सुटायला बघू नकोस." आणि त्यांनी तिथेच प्रतिपालकत्वाचा आदेश रद्द करायचा कागद मागवला.

दुसऱ्या दिवशी एसटीने त्या वस्तीवर गेले, पहिल्यांदा. पोलीसपाटील अंगणात हरभरा झोडत होते.

"पाटील, वैनी म्हणजे दुर्वाची आई होती?"

"मंग? दुसरी कोन आसंल?"

"तुम्ही मला सांगितलंत, आई वारली!"

"आवो, वारलीच की आई. ह्या ओट्यावर ठिवली हुती. आमी समदी तिला आईच म्हनायचो." ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "का वो? वैनीला संक्रातीला मीच धाडली की तुमच्याकडं. मागारी आली न्हाई, म्हनलं, पोरीला घिऊन परस्पर कामावर गेली आसंल. न्हाई व्हय न्हेली?"

"नाही नेली," मी म्हटलं. कारखान्याचा पत्ता शेजारच्या बाईकडून लिहून घेतला आणि तिथूनच घाट उतरून कोकणात गेले.

पोचले तेव्हा दुसऱ्या दिवशीचे सकाळचे दहा वाजले होते. पत्र्याची लांबलचक शेड, आत हाडं गोठवणारा गारठा आणि कुबट वास. लांब टेबलांच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, समोर बर्फात कोळंबीचे ढीग. मालन तिसऱ्या टेबलाशी होती. मला बघितल्याबरोबर तिचे हात थांबले आणि ती मागे सरकली.

"मी काय बी केलं न्हाई," ती म्हणाली. "परत आले बी न्हाई तुमच्याकडं."

"मालनताई, चूक माझी झाली. दुर्वा तुमचीच आहे. हा बघा आदेश. चला, तिला न्यायला चला."

मी पर्समधून कागद काढून तिच्यापुढे धरला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"पर तिनं तर मला वळखलं न्हाई."

"ओळखलं होतं."

"तुमीच म्हनला, न्हाई वळखलं."

"आई म्हणून नाही ओळखलं, असं म्हणाले मी. ती तुम्हाला वैनी म्हणते, हे मला कळलं नाही."

आजूबाजूच्या बायकांनी सोलणं थांबवलं होतं. मुकादम लांबून ओरडला, त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

"काय म्हनली ती?" मालनने विचारलं. "तिच्या तोंडचं सांगा."

"वैनी, म्हणाली. माझी वैनी आली."

"आन?"

"आणि पळत सुटली दाराकडे."

"मंग भायेर का आली न्हाई?"

"मी तिचा दंड धरून ठेवला होता."

मालन खाली बसली. त्या ओल्या फरशीवर, कोळंबीच्या सालपटांत, बुटांसकट. दोघी-तिघी तिला उठवायला धावल्या, पण ती उठेना. माझ्याकडे वर बघून बोलायला लागली. आवाजात राग नव्हता. मला राग हवा होता हो, पण नव्हता.

"त्या दिशी तुमच्या हापिसातनं निगाले ती सरळ यष्टी स्टँडवर गेले," ती म्हणाली. "म्हनलं, तिला मी नगं तर मला बी ती न्हाई. तिथं नळ हाय बगा, बायकांच्या मोरीपाशी. त्याच्याखाली साडीसकट बसले. लोकं बगत हुती. आन माज्या जित्या लेकीच्या नावानं आंगूळ केली म्या."